महाल कोणाचा, पूर कोणाचा?

गंडीपेठच्या सागरमहालाची वर्णने मोठ्या हौसेने लिहिली जातात. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे हे उन्हाळी विश्रामस्थान. समोर उस्मानसागराचे विस्तीर्ण पाणी. वास्तू वारसा म्हणून जपावी, याविषयी आमचा वाद नाही. वाद आहे तो तिचा इतिहास सांगण्याच्या रीतीविषयी. तो इतिहास महालाच्या पायरीपासून सुरू होत नाही. तो मुसीच्या काठी, आपल्या गौलीगुड्याच्या उंबरठ्याशी सुरू होतो.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीने शहर धुऊन नेले. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली असे मानतात. अफझलगंजच्या इस्पितळाच्या आवारातील एका चिंचेने दीडशे जीव आपल्या फांद्यांवर तोलून धरले. तेव्हाचे निजाम महबूब अली खान यांनी नदीची ओटी भरून आरती केली, अशी आख्यायिका आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आहे. ती खरी असो वा नसो, केवळ आरतीवर कोणी विसंबून राहिले नाही. १९०९ साली विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले. पुराचे पाणी शहराच्या वरच अडवावे, असा त्यांनी सल्ला दिला. त्यातून १९२० मध्ये मुसीवर उस्मानसागर आणि १९२७ मध्ये ईसा नदीवर हिमायतसागर उभा राहिला. म्हणजे तलाव बांधला तो बुडालेल्यांच्या वारसांसाठी, आणि पुढे त्याच पाण्यावर शहराची तहान भागली. हवा खाण्यासाठी काठावर आलेला महाल त्या तलावाचा पाहुणा होय, मालक नव्हे.

आज तेथे नवे नवाब आले आहेत. त्यांच्या वाड्यांना 'फार्महाऊस' म्हणतात. शेत मात्र शोधूनही सापडत नाही! १९९६ च्या १११ क्रमांकाच्या शासकीय आदेशाने दोन्ही तलावांभोवती दहा किलोमीटरपर्यंत, ८४ गावांत, बांधकामांवर कडक निर्बंध घातले. तरीही भिंती उठतच राहिल्या. एप्रिल २०२२ मध्ये सरकारने ते निर्बंध काढण्याचा हुकूम काढला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारच्याच 'हायड्रा' या यंत्रणेला उस्मानसागराच्या पात्रातील बांधकामे पाडावी लागली. एका हाताने दार उघडायचे, दुसऱ्या हाताने आत शिरलेल्यास हाकलायचे, याला धोरण कसे म्हणावे?

त्या गावांतील शेतकऱ्याचे गाऱ्हाणे खरे आहे, हे येथे नमूद केलेच पाहिजे. शहराच्या पाण्यापायी त्याच्या जमिनीची किंमत पडली, आणि शहराने त्याला कधी मोबदला विचारला नाही. पण त्याच्या आडून बोलणारे बहुतेक लोक शेतकरी नसतात.

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस दोन्ही तलावांतून पाणी सोडले गेले आणि गौलीगुड्याचे महात्मा गांधी बसस्थानक पाण्याखाली गेले. प्रवासी तेथेच अडकून पडले. तलावाच्या पोटात भराव टाकला, तर तेवढे पाणी आपली जागा खालच्या वस्तीत शोधते. हे कळण्यास विश्वेश्वरय्यांची बुद्धी लागत नाही.

आता थोडे स्वकीयांविषयी. चिलकूरच्या बालाजीला अकरा प्रदक्षिणा घालण्यास आपण उस्मानसागराकाठी जातो, नवस फळला तर एकशे आठ घालतो. परतताना त्याच काठावरचा कोणाचा तरी बंगला मुंजीसाठी, साखरपुड्यासाठी ठरवून येतो, आणि पावसाळ्यात नदीच्या नावाने बोटे मोडतो. हनुमान जयंतीची शोभायात्रा ज्या गौलीगुड्याच्या राममंदिरातून निघते, तेथे जमणाऱ्या मंडळींनी एवढे तरी मनावर घ्यावे. काठावरील बंगल्याच्या वास्तुशांतीचे निमंत्रण आले, तर पुरोहितांनी दक्षिणेच्या आधी यजमानास विचारावे, 'ही भूमी तलावाच्या पूर्ण संचय पातळीच्या आत आहे की बाहेर?' उत्तर कागदावर मिळेपर्यंत कलशात पाणी भरू नये.