निव्वळ माहितीचे पॅकेजही निर्धोक नाही

सप्टेंबर २०२५ मध्ये 'चॉक' आणि 'डीबग' यांसह १८ जावास्क्रिप्ट पॅकेजांत घातक कोड शिरला. देखभालकर्त्याला आलेला एक बनावट ई-मेल त्यास पुरेसा ठरला. पाठोपाठ 'शाय-हुलुद' हा स्वतःहून पसरणारा किडा चोरलेल्या टोकनांच्या बळावर शेकडो पॅकेजांत पोहोचला. अखेर एनपीएम ही रजिस्ट्री चालवणाऱ्या गिटहबने डिसेंबरमध्ये जुन्या पद्धतीची टोकने रद्दच केली. बहुतेक कर्ते विनामोबदला राबतात, तरी नव्या शिस्तीचा भार त्यांच्यावरच आला आहे.

देशांच्या याद्या किंवा ब्राउझरांच्या क्षमतांचे तक्ते एवढेच प्रकाशित करणारे या साऱ्यापासून स्वतःला दूर मानतात. हा समज घातक आहे. किड्याला आतला मजकूर नको होता, प्रकाशनाची किल्ली हवी होती. जेसन फाइलींशेजारी इन्स्टॉल होताना आपोआप चालणारी एक आज्ञा जोडली की त्याचे काम भागत असे.

म्हणून पूर्वतयारीत केवळ माहितीची अचूकता तपासून चालणार नाही. पॅकेजमध्ये जाणाऱ्या फाइली 'फाइल्स' या नोंदीत नेमक्या सांगाव्यात आणि 'एनपीएम पॅक'ची 'ड्राय रन' चालवून यादी डोळ्यांखालून घालावी. गुपिते असलेली फाइल अशीच नकळत निसटते. प्रकाशनासाठी कायमचे टोकन बाळगण्याऐवजी 'ट्रस्टेड पब्लिशिंग' स्वीकारावे. चुकलेली आवृत्ती मागे घेतली तरी तो क्रमांक पुन्हा वापरता येत नाही, आणि ७२ तासांनंतर मागे घेण्यावरही कडक अटी आहेत. मागे घेण्यावरची बंधने २०१६ च्या 'लेफ्ट-पॅड' प्रकरणानंतर आली आणि ती आजही लागू आहेत.