घास हातात द्या



वादळात घड लागलेली केळ कलली, तर आपण ती उपटून टाकत नाही. टेकू देतो आणि घड उतरेपर्यंत ती आपल्याच मुळांवर उभी राहते. घरातल्या माणसाच्या अंगावरून वारे गेले, की मात्र आपण त्याला खाटेवर निजवून ठेवतो. सून घास भरवते, मुलगा आंघोळ घालतो, नातू पाण्याचा पेला तोंडाला लावतो. माया खरीच; पण न चालवलेला सांधा आखडतो, आणि आपण कुणाच्या उपयोगाचे उरलो नाही म्हणून माणूस मनानेही खचतो.

अशा माणसाला पुन्हा रोजची कामे करता यावीत, यासाठी एक शास्त्र आहे. त्याचे नाव व्यवसायोपचार. इथे व्यवसाय म्हणजे जेवणे, नेसणे, न्हाणे, धान्य निवडणे अशी नित्याची कामे. कमलाताई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या शास्त्राची देशातील पहिली शाळा सुरू केली. त्या जन्माने अमेरिकन आणि लग्नानंतर इथल्याच झाल्या. फलटणला १९६८ साली कृषी संशोधन संस्था उभारणारे बनबिहारी निंबकर हे त्यांचेच चिरंजीव.

आम्ही जसे शेत पाहिल्याशिवाय खताची मात्रा सांगत नाही, तसा हा तज्ज्ञ घर पाहिल्याशिवाय सल्ला देत नाही. उंबरा किती उंच, मोरी किती निसरडी, संडास किती लांब, रात्री वाटेत उजेड आहे का, हे तो आधी बघतो. असा तज्ज्ञ खेड्यात सहसा भेटत नाही. तरी डॉक्टरांनी उठण्या-बसण्याची परवानगी दिल्यावर घरच्या घरी पुढील गोष्टी करता येतात :

(१) बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला टेकतील, अशी खाटेची उंची ठेवा.

(२) उठवताना लुळा हात धरून ओढू नका. खांद्याला इजा होते.

(३) सदरा घालताना लुळा हात आधी घाला, काढताना तो शेवटी काढा.

(४) चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळून तो जाड करा. ताटाखाली ओले फडके ठेवा, म्हणजे ताट सरकत नाही. मात्र गिळताना ठसका लागत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

(५) मोरीत पाटाऐवजी न डुगडुगणारे स्टूल ठेवा आणि धरायला भिंतीत लोखंडी नळी पक्की बसवा.

आता एक नाजूक गोष्ट. मे महिन्यात आपल्या भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हातही पुष्कळ म्हाताऱ्या बाया मुद्दाम पाणी कमी पितात. संडासला जायला सारखे कुणाला उठवायचे, ही लाज त्यामागे असते. ती बोलून दाखवत नाहीत, आणि हीच लाज कधी जिवावर बेतते. संडासच्या वाटेवर बांबूचा कठडा बांधा, नाहीतर खाटेजवळ भोक पाडलेली खुर्ची व खाली भांडे ठेवा. एवढ्या सोयीने ती मोकळेपणी पाणी पिईल.

कामही द्या. शेंगा फोडणे, वाती वळणे, कापसातला कचरा वेचणे, भरताच्या मिरच्या निवडणे. वेळ लागेल, सांडलवंड होईल. होऊ द्या. त्या सांडण्यातूनच हाताला वळण येते.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात व्यवसायोपचाराची चौकशी जरूर करा. तोवर आज संध्याकाळी खाटेची उंची पाहा. आणि जवळ कुणी नसताना मायला हळूच विचारा, “पोटभर पाणी पितेस ना?”