भाष्यकार की भाट?

कलाकृतीने आपले आपण बोलावे आणि कर्त्याने गप्प बसावे, हे वचन आपल्या सुशिक्षित मंडळींत फार प्रतिष्ठा पावलेले आहे. परवा एका स्नेह्यांच्या घरी जेवणानंतर जुन्या डीव्हीडींची गोष्ट निघाली आणि ज्याला इंग्रजीत ‘ऑडिओ कॉमेंटरी’ म्हणतात त्या प्रकाराविषयी मी दोन शब्द बरे बोललो. तोच यजमानांनी हे वचन पुढे केले. चित्रपट चालू असताना त्यावर कोणी बोलत राहणे म्हणजे, त्यांच्या मते, गवई गात असताना शेजारच्याने आपल्या कानाशी लागून राग-तालाची फोड करीत बसणे होय. उपमा चांगली होती. आणि चांगली उपमा सापडली की वाद संपला असे मानण्याची आपली जुनी खोड आहे. त्या रात्री मीही ती पाळली. पण उपमा सुरेख असली तरी येथे ती लागू पडत नाही.

मैफलीत शेजारी बडबडतो तेव्हा आपला इलाज नसतो. येथे तसे नाही. चित्रपटाचा मूळ ध्वनी जागच्या जागी शाबूत असतो; भाष्याची वाट निराळी असते आणि ज्याला हवी त्यानेच ती उघडावयाची असते. ती उघडणारा मनुष्य बहुधा चित्रपट एकदा, क्वचित दहादा, पाहून चुकलेला असतो. तेव्हा तुलना करावयाचीच तर ती सटीक ग्रंथाशी करावी. ‘रघुवंश’ मल्लिनाथाच्या टीकेसह वाचणाऱ्याला कालिदासाचा अपमान केला असे कोणी म्हणत नाही. आणि ज्या भाषेचा मुकुटमणी असलेला ग्रंथ हाच मुळी गीतेवरील एक टीका आहे, त्या भाषेच्या माणसांनी तरी टीका म्हणजे मूळ ग्रंथावरील बांडगूळ असे समजू नये.

ह्या प्रकाराचा जन्म १९८४ सालचा. अमेरिकेतील क्रायटेरियन संस्थेने १९३३ सालचा ‘किंग काँग’ लेसर डिस्कवर काढला. त्या डिस्कवर ध्वनीला एकाहून अधिक वाटा असत आणि जुन्या बोलपटाला एकच पुरत असे. मोकळ्या राहिलेल्या वाटेचे करावयाचे काय, ह्या अगदी व्यवहारी प्रश्नातून रोनाल्ड हेवर ह्या अभ्यासकाला ध्वनिमुद्रणासाठी बसविण्यात आले, आणि चित्र चालू असता त्याने त्याची जन्मकथा सांगितली. हेवर हा लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात चित्रपट विभाग सांभाळणारा गृहस्थ. ‘किंग काँग’च्या निर्मितीवर देखरेख करणारा जो सेल्झनिक, त्याच्यावर त्याने आधीच एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. पहिलेच भाष्य ज्याच्या तोंडून झाले तो मनुष्य त्या चित्रपटाचा कर्ता नव्हता, नट नव्हता, त्याच्या विक्रीतला भागीदारही नव्हता; तो केवळ जाणता होता. पुढे हे सूत्र सुटले आणि सारा घोटाळा झाला.

डेव्हिड लिंचने आपल्या चित्रपटांवर बोलण्याचे नाकारले. ‘मलहॉलंड ड्राइव्ह’च्या डीव्हीडीवर प्रकरणवार खुणासुद्धा त्याने ठेवू दिल्या नाहीत. स्पीलबर्गनेही हे काम कधी पत्करलेले नाही. ह्या दोघांच्या मौनाबद्दल मला आदर आहे. पण ते मौन कर्त्याचे आहे, आणि कर्त्याने बोलू नये ह्यावरून कोणीच बोलू नये हे सिद्ध होत नाही. माझ्या स्नेह्यांच्या वचनात नेमकी हीच गफलत आहे. आणि गंमत अशी की ज्या व्यापाऱ्यांचा त्यांना एवढा तिटकारा, त्यांनीही तीच केली. भाष्य म्हणजे कर्त्याचे बोलणे, असे त्यांनीही गृहीत धरले.

डीव्हीडीचा जमाना आला तसे भाष्य हे मालाबरोबर फुकट द्यावयाच्या चमच्यासारखे झाले. चित्रपटगृहांतून चित्र उतरते न उतरते तोच दिग्दर्शकाला, दोन नटांना आणि एखाद्या निर्मात्याला एका खोलीत बसवावयाचे आणि ‘बोला’ म्हणावयाचे! मग काय बोलणार ते? हा नट किती गुणी, त्या दिवशी थंडी किती होती, ह्या दृश्यात मागे उभा आहे तो अमक्याचा मेहुणा. मग हशा, मग सात-आठ मिनिटांची शांतता, आणि शांततेनंतर पुन्हा पहिल्या नटाची स्तुती. दरबारात भाट असत. त्यांना निदान छंदोबद्ध बोलावे लागे. येथे तीही अट नाही. आणखी एक जात आहे, ती पडद्यावर जे दिसते तेच सांगणाऱ्यांची. ‘टोटल रिकॉल’वर श्वार्झनेगर ह्यांनी केलेले भाष्य ह्या बाबतीत जगप्रसिद्ध झालेले आहे. बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून क्रिकेटचे समालोचन करीत ते मैदान न दिसणाऱ्यांसाठी; आणि ते कानाने मैदान दाखवीत म्हणून महाराष्ट्र त्यांच्यावर लुब्ध होता. ज्याच्या डोळ्यांसमोर चित्र आहे त्याला चित्रच पुन्हा सांगणे ह्याला समालोचनही म्हणता येत नाही.

भाट होण्यात सर्व दोष त्या बिचाऱ्यांचा आहे असेही नाही. १९९१ साली क्रायटेरियनने पहिले तीन जेम्स बाँडपट काढले, त्यांवर ते करणाऱ्या मंडळींनी अघळपघळ आणि निर्भीड गप्पा मारल्या होत्या. त्या मालकांना खपल्या नाहीत आणि डिस्क बाजारातून परत बोलावण्यात आल्या. तेव्हापासून व्यापाऱ्यांनी घ्यावयाचा तो धडा घेतला. आज भाष्यापूर्वी पडद्यावर एक सूचना झळकते की, ही मते बोलणाऱ्यांची असून कंपनीची नव्हेत. एवढी सूचना देऊनही जी मते शेवटी आत येतात ती अशी, की कोणत्याही कंपनीने ती आनंदाने आपली म्हणावीत!

कर्त्याचे बोलणे चांगले होतच नाही काय? होते; पण त्याला किंमत मोजावी लागते. कोपोलाचे ‘गॉडफादर’वरील भाष्य ऐका. जगाने ज्या चित्रपटाला डोक्यावर घेतले तो करताना हा मनुष्य रोज उठून आज आपल्याला काढून टाकतील ह्या धास्तीत होता, हे तो तीस वर्षांनी सांगतो. आणि ज्या दृश्याचे आपण कौतुक करीत असतो त्याच दृश्यावर सांगतो, म्हणून ते अंगावर येते. कथानक ओढून चालू काळात आणावे, म्हणजे खर्च वाचेल, असा कंपनीचा आग्रह होता. तो मानला असता तर त्या लग्नसमारंभातील मोटारी आणि टोप्या, सारेच गेले असते. बाप्तिस्म्याच्या प्रसंगातील तान्हे मूल ही त्याचीच मुलगी, हीसुद्धा घरगुती गोष्ट. पण मेहुण्याच्या गोष्टीसारखी ती पोकळ वाटत नाही. घरचेच मूल उचलून आणणारा दिग्दर्शक कोणत्या घाईत आणि कोणत्या पैशात काम करीत होता, हे तीमधून उमगते.

परंतु माझ्या मते ह्या साऱ्या वाङ्मयाचा (मी त्याला वाङ्मयच म्हणतो) उत्तम नमुना म्हणजे ‘द लाइमी’ ह्या १९९९ सालच्या चित्रपटावरील भाष्य. दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग आणि पटकथाकार लेम डॉब्स हे दोघे शेजारी बसले आहेत आणि भांडत आहेत. डॉब्सची तक्रार अशी की, मी ह्या माणसांना भूतकाळ दिला होता, त्यांच्या मागे एक सबंध दशक उभे केले होते, आणि तुम्ही ते कापून फेकले. आता ही माणसे नुसती येतात आणि जातात. सोडरबर्ग काही कबूल करतो, काही परतवतो. कधी हसून टाळतो, आणि ते टाळलेलेही ऐकू येते. पटकथा लिहिणारा आणि चित्र घडविणारा ह्यांत चित्रपट नक्की कोणाचा, हा प्रश्न आमच्या परीक्षांतून दरवर्षी विचारला जातो आणि दरवर्षी दोन्ही बाजूंचे चार-चार मुद्दे लिहून विद्यार्थी मोकळे होतात. येथे तो प्रश्न जिवंत माणसांच्या तोंडी, दुखऱ्या आवाजात ऐकावयास मिळतो. त्यातही ज्या दृश्यावर तक्रार चालू आहे ते दृश्य समोर असते. तेव्हा न्याय आपणच करावयाचा. मला विचाराल तर निम्म्या ठिकाणी डॉब्सचे खरे आहे. निम्म्या ठिकाणी मात्र त्याचे म्हणणे ऐकत असतानाच, जे कापले ते कापले म्हणूनच हे दृश्य असे बोचते, असे डोळे सांगतात. छापील टीकेत ही सोय नाही.

कर्त्याला ही किंमत मोजावी लागते; तर अभ्यासकाला दृष्टी लागते. रॉजर ईबर्ट हे शिकागोचे वृत्तपत्रीय परीक्षक. आमच्यासारख्या प्राध्यापकांनी ज्यांच्याकडे किंचित खालीच पाहावे अशा जातीचे. त्यांचे ‘सिटिझन केन’वरील भाष्य मी वर्गासाठी म्हणून ऐकावयास घेतले आणि ओशाळलो. केन आपल्या वृत्तपत्रांवरील ताबा सोडून देण्याच्या कागदावर सही करतो तो प्रसंग मी पंधरा वर्षे शिकवीत होतो. मागे भिंतीत खिडक्या आहेत. नेहमीच्या घरात असतात तशा, असे वाटते. बोलता बोलता केन मागे चालत जातो, आणि त्या खिडक्यांपाशी पोहोचतो तेव्हा कळते की त्या प्रचंड आहेत, त्यांची खालची कडच त्याच्या डोक्याच्या वर आहे. मनुष्य चालता चालता लहान होतो. ‘भिंगाची खोली’, ‘टोलंडचे छायाचित्रण’ असले शब्द मी फळ्यावर लिहीत होतो. खिडकी मात्र मला दिसली नव्हती. ईबर्ट ती दाखवितात आणि पुढे जातात, कारण चित्र थांबत नाही. ही दृष्टी त्यांना आपोआप आली नव्हती. कोलोरॅडोमधील बोल्डर येथे ते वर्षानुवर्षे एकच चित्रपट सलग काही दिवस लोकांबरोबर पाहात; अंधारातून कोणीही ‘थांबा’ म्हणावे, चित्र थांबवावे आणि त्या एका चौकटीवर सगळ्यांनी बोलावे. २००६ साली दुखण्याने त्यांची वाचा गेली आणि २०१३ साली ते गेले. त्या डिस्कवर आवाज राहिला.

आता स्वकीयांकडे वळतो. भाटांना बोल लावणे सोपे आहे. आमची पंडितांची जात त्यांच्याहून बरी आहे असे मात्र नाही. आम्हांला भाष्य करावयास बसविले की आम्ही घरून निबंध लिहून आणतो आणि वाचू लागतो. पडद्यावर पाऊस पडत असतो आणि आम्ही दिग्दर्शकाच्या बालपणात असतो. पाऊस थांबतो तेव्हा आम्ही पावसावरील परिच्छेदाशी पोहोचतो. कोएन बंधूंनी ‘ब्लड सिंपल’च्या डीव्हीडीवर केनेथ लोरिंग नावाचा एक तोतया पंडित उभा केला आहे, तो भारदस्त स्वरात एकाहून एक थापा ठोकतो, त्यांतली एक अशी की चित्रातला कुत्रा मुळी यंत्राचा आहे. ते ऐकून मी पोट धरून हसलो. आणि मग हसे ओसरले, कारण तो स्वर माझ्या ओळखीचा होता. तीन वर्षांपूर्वी वर्गात चित्रपट दाखवीत असता मी असाच त्यावर बोलत होतो, आणि मागच्या बाकावरून एक मुलगी अगदी अदबीने म्हणाली, “सर, आधी पाहू दे ना.” वर्गात कोणी हसले नाही, हे अधिक लागले.

त्या मुलीने सांगितले तेच पथ्य मल्लिनाथाने स्वतःला कधीच घालून घेतले होते: निराधार लिहावयाचे नाही आणि नको ते बोलावयाचे नाही. ग्रंथाच्या टीकाकाराला हे पाळणे त्या मानाने सोपे; श्लोक पानावर वाट पाहात उभा असतो. चित्रपटाच्या भाष्यकाराचा श्लोक मात्र धावत असतो. आपल्याकडे हे कसब कीर्तनकाराला ठाऊक आहे. आख्यान ऐन रंगात आले की निरूपण आवरावयाचे, आणि श्रोत्यांचा श्वास सुटला की नेमक्या त्याच जागी दोन शब्द टाकावयाचे, हे बुवांना कोणी शिकवावे लागत नाही. जपानात मूकपटांच्या काळी पडद्याशेजारी उभे राहून कथा सांगणारे ‘बेन्शी’ होते. त्यांच्या नावावर लोक तिकिटे काढीत. पडद्याजवळचा आवाज म्हणजे अमेरिकेची १९८४ सालची नवलाई, असे समजण्याचे कारण नाही.

ही सारी उठाठेव आज कशासाठी, असे माझे स्नेही विचारतील. त्यांची इच्छा पुरी होत आली आहे म्हणून. डीव्हीडी घराघरांतून निघून गेली आणि चित्रपट आता तारेवरून येतो. त्या वाटेने येताना भाष्याची दुसरी वाट बहुतेक गळून पडते. त्याबद्दल कोणी सुतक पाळलेले नाही. भाटांबरोबर हेवर आणि ईबर्टही गेले तरी ग्राहकाची तक्रार नाही.

आणि आपण? ‘संत तुकाराम’ १९३६ सालचा. पुढच्या वर्षी व्हेनिसला त्याचा गौरव झाला, ही गोष्ट आपण भाषणांतून इतकी सांगितली आहे की ती आता मुलांनाही पाठ आहे. दामले १९४५ साली गेले, फत्तेलाल १९६४ साली. फत्तेलाल ह्यांनी तो देहू उभा केला, दामल्यांनी त्याचा ध्वनी बांधला. दोघांची उमेदवारी बाबूराव पेंटरांच्या हाताखाली, पडद्यांच्या आणि रंगांच्या संगतीत झालेली. ते वैकुंठगमन त्या काळच्या पुण्यात कसे साधले, जिजाईचा तो कडकडाट टिपताना ध्वनियंत्र कोठे ठेवले होते, कोणता तुकडा कापताना दोघांचे बिनसले, हे फत्तेलालांना चित्र समोर चालवून कोणी विचारू शकले असते. त्यांना वेळ होता, यंत्रेही होती. १९६० पासून तर प्रभातच्याच आवारात चित्रपट शिकविण्याची सरकारी संस्था भरत होती, आणि तेथे सतीश बहादुरांसारखा शिक्षक ‘पथेर पांचाली’ चौकट-चौकट उलगडून दाखवीत असे. आम्ही सत्कार केले, शाली दिल्या. जी मंडळी आज साठी-सत्तरीत आहेत आणि ज्यांनी १९७० नंतरचा मराठी चित्रपट कॅमेऱ्यामागे उभे राहून घडविला, त्यांच्याही शाली सध्या विणून तयार होत आहेत. एक खोली, एक पडदा आणि ध्वनिमुद्रणाचे एक साधे यंत्र, एवढे आज कोणत्याही महाविद्यालयात आहे, माझ्याही आहे. येत्या पावसाळी सत्रात एका वृद्ध संकलकांना मी बोलावले आहे. त्या मागच्या बाकावरच्या मुलीलाही पत्र टाकले आहे. प्रश्न तिने विचारावयाचे आणि मी यंत्राची कळ दाबावयाची, असे ठरले आहे.