काच बदलली, पण अमानत सांभाळली का?

पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावी टॅबची काच फुटली की कंपनीच्या सेवा केंद्रासाठी बीड नाहीतर अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. एसटीचे भाडे जाते, दिवसाची मजुरी बुडते आणि तेथील खर्च ऐकून नवा टॅब घेणेच बरे वाटू लागते. म्हणून आपण गावातल्याच कारागिराकडे जातो. त्यात गैर काहीच नाही. आपल्या समाजातील कितीतरी तरुण याच धंद्यावर घर चालवतात. म्हणूनच या धंद्याविषयी दोन शब्द स्पष्ट लिहिणे आम्हास आवश्यक वाटते.

गेल्या वर्षी आमच्या घरातील बारावीच्या मुलीचा टॅब हातातून पडला. एका दुकानात 1800 रुपये देऊन काच बदलून घेतली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवसापासून बोट न लावताच स्क्रीन आपोआप दाबली जाऊ लागली. धडा वाचता वाचता पान पुढे पळे, चार्जिंगला लावले की त्रास वाढे. एका रात्री तर कुलपाचे चुकीचे आकडे आपोआप दाबले जाऊन टॅब बंदच पडला. दुकानदाराने सांगितले की सॉफ्टवेअर बिघडले आहे, फॉरमॅट मारावे लागेल. फॉरमॅट मारले. मुलीने वर्षभर जमवलेल्या टिपणांचे फोटो गेले आणि दोष होता तसाच राहिला. शेवटी दुसऱ्या कारागिराने टॅब उघडून दाखवला. टचची पट्टी सॉकेटमध्ये तिरपी बसली होती आणि जुन्या काचेवरची अर्थिंगची चिकटपट्टी नव्या काचेवर लावलेलीच नव्हती. काम अर्ध्या तासाचे होते. मुलीचा अभ्यासाचा महिना मात्र गेला.

काच बदलल्यानंतर टॅब बिघडतो त्याची कारणे बहुधा अशीच साधी असतात. पट्टी नीट बसलेली नसते, फ्रेम काचेला दाबत असते, लावलेली काच हलक्या प्रतीची असते किंवा उघडताना जास्त उष्णता देऊन आतील भागास इजा झालेली असते. फक्त चार्जिंगच्या वेळीच त्रास होत असेल तर आधी चांगला चार्जर लावून पाहावे. काच कडेने उचलली जात असेल तर बॅटरी फुगल्याची शंका घ्यावी आणि चार्जिंग तत्काळ थांबवावे. टॅब सेफ मोडमध्ये सुरू करूनही दोष कायम राहिला तर तो एखाद्या अ‍ॅपचा नसण्याचीच शक्यता अधिक. अशा वेळी फॉरमॅट मारून पट्टी सरळ होत नसते.

या प्रश्नाकडे आम्ही केवळ यंत्राचा प्रश्न म्हणून पाहत नाही. दुरुस्तीस दिलेली वस्तू ही अमानत आहे. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतील धान्य ओले लागले. पावसाने भिजल्याचे व्यापाऱ्याने सांगितले. त्यावर, मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा सवाल प्रेषितांनी केला आणि फसवणारा आपल्यातला नाही असे बजावले. नकली काच ओरिजिनल म्हणून लावणे हे ओले धान्य खाली झाकण्यासारखेच आहे. हनफी फिकहच्या ग्रंथांत तर धोब्याचे उदाहरण आहे. कपडा बडवताना त्याच्या हातून फाटला तर भरपाई धोब्यावर येते. धोब्याला जो नियम, तोच टॅबच्या कारागिराला का नसावा?

देशाचा कायदाही ग्राहकाच्या बाजूने आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून अमलात आला. पैसे घेऊन केलेल्या कामात उणीव राहिली तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. बिल न देणे हीदेखील या कायद्याने अनुचित प्रथा ठरवली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. पण हातात कागद नसेल तर तक्रार कशाच्या आधारे करणार?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारागीर ठोक व्यापाऱ्याकडून माल आणतो तेव्हा त्यालाही पुष्कळदा बिल मिळत नाही. काच खराब निघाली तर तोटा त्याच्या अंगावर येतो. मोठ्या कंपन्या सुटे भाग आणि माहिती आपल्याच केंद्रांपुरती ठेवतात, ही त्याची तक्रार रास्त आहे. केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्या समितीने निवडलेल्या चार क्षेत्रांत शेती अवजारांबरोबर मोबाइल आणि टॅबही आहेत. हा हक्क लहान कारागिरालाही बळ देणारा आहे. परंतु बाहेरचा कारागीर वस्तू बिघडवतो हे कंपन्यांचे म्हणणे आपणच आपल्या हाताने खरे करून दिले, तर त्या हक्काची बाजू कोण मांडणार?

म्हणून पाटोद्यातील दुरुस्ती करणाऱ्या बांधवांना आमची विनंती आहे की, एक छोटी पावती छापून घ्यावी. टॅब घेताना काय चालू होते, कोणता भाग लावला, तो ओरिजिनल, कॉपी की जुना, किंमत किती आणि किती दिवसांची हमी, एवढे त्यावर लिहावे. जुनी काच ग्राहकास परत द्यावी. कॉपी लावणे हा गुन्हा नाही, ती लपवणे हा गुन्हा आहे. गरिबाला स्वस्त काच हवीच असते. फक्त ती स्वस्त आहे हे त्याला सांगावे.

ग्राहकांनीही घाई करू नये. देण्यापूर्वी फोटो आणि टिपणे दुसरीकडे उतरवून ठेवावीत. घेताना दुकानातच एखादे चिन्ह बोटाने धरून स्क्रीनच्या चारही कोपऱ्यांपर्यंत सावकाश ओढावे. ते मध्येच सुटले तर तेथील टच कमजोर आहे असे समजावे. चार्जर लावून पुन्हा तेच करावे. कॅमेरा, आवाज आणि वाय-फाय पाहावा. मगच पैसे द्यावेत, आणि ठरलेले पैसे पुरते द्यावेत. घासाघीस करून कारागिराची मजुरीच खाल्ली तर तो चांगला माल कोठून लावणार?

आज राज्यात महाज्योतीसारख्या संस्थेने दिलेल्या टॅबवर ओबीसी विद्यार्थी नीट आणि जेईईची तयारी करतात. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुलाला दुसरा टॅब कोण घेऊन देणार? त्याच्या टॅबची काच बदलणाऱ्या हाताखाली त्याचे एक वर्ष असते. ते वर्ष सांभाळून परत करणाऱ्या कारागिराची रोजी हलाल आहे आणि बरकतही तिच्यातच आहे.