वर्गणीतली विमानं

टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर उतरणाऱ्या मराठी आईवडिलांना दोनच चिंता असतात. इमिग्रेशनवाला काय विचारेल, आणि बॅगेतली लोणच्याची बरणी फुटली तर नसेल? आपण उतरलो ती जागा म्हणजे जुनं माल्टन, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच धावपट्टीच्या कडेला नॅशनल स्टील कार कंपनीच्या कारखान्यात 'लायसँडर' जातीची २२५ लष्करी विमानं तयार झाली, हे कोणाच्या गावीही नसतं. तिथून गाडीने तासाभरावर, हॅमिल्टनजवळच्या कॅनेडियन वॉरप्लेन हेरिटेज म्युझियममध्ये लेक आम्हाला घेऊन गेली, तेव्हा त्यांतलंच एक समोर उभं होतं.

लायसँडर दिसायला विचित्रच. पंख वैमानिकाच्या डोक्यावर, मुळाशी अरुंद आणि मध्ये रुंद. चाकांवर भलीमोठी आवरणं आणि मशीनगन त्या आवरणांच्या आत. ब्रिटनच्या वेस्टलँड कंपनीने १९३६मध्ये ते पहिल्यांदा उडवलं, ते लष्कराच्या दिमतीसाठी : टेहळणी करायची, निरोप न्यायचे, तोफखान्याला नेम सांगायचा. पण वेग कमी, त्यामुळे त्या कामात ते सपशेल पडलं. १९४०च्या मे-जूनमध्ये फ्रान्सच्या लढाईत शंभरावर लायसँडर खर्ची पडली. पण दिवसा जिवावर बेतणारा हा संथपणा रात्री कामी आला. वेग उतरला की पंखाच्या पुढच्या कडेच्या पट्ट्या आपोआप उघडतात आणि मागच्या झडपाही त्यांच्याबरोबर खाली येतात. वैमानिकाला काही ओढावं लागत नाही. त्यामुळे एखादं कुरणही उतरायला पुरे. चांदण्या रात्री, जमिनीवर लावलेल्या तीन विजेऱ्यांच्या अंदाजाने, जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये हेर उतरवायचे आणि आधीचे उचलून आणायचे. टिपू सुलतानाच्या वंशातली नूर इनायत खान १९४३च्या जूनमध्ये फ्रान्सला गेली ती लायसँडरमधूनच.

कॅनडातल्या बहुतेक लायसँडरच्या नशिबी मात्र नेमबाजीच्या सरावासाठी निशाण ओढत फिरणं आलं. युद्ध संपल्यावर ती भंगाराच्या भावात निघाली. प्रेअरीच्या गवताळ मैदानांतल्या शेतकऱ्यांनी चाकांसाठी, पत्र्यासाठी, नट-बोल्टांसाठी ती घेतली आणि उरलेले सांगाडे शेतात टाकून दिले. पुढे काही ध्यासवेड्यांनी तेच सांगाडे शोधून आणले, याचा पंख त्याला आणि त्याची शेपटी याला असं करत जुळवले. हॅमिल्टनचं लायसँडर स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून उभं केलं आणि २००९मध्ये ते उडालं. पुढच्या वर्षी क्युबेकमधल्या गॅटिनो इथे आणखी एक उडालं.

आम्ही गेलो तेव्हा हँगरच्या कोपऱ्यात दुसऱ्याच एका विमानाच्या सुकाणूवर कापड चढवणं चाललं होतं. एक आजोबा आणि एक मध्यमवयीन बाई समोरासमोर, मध्ये तो सांगाडा. आजोबा मेण लावलेला दोरा ओवलेली लांब सुई फासळीच्या कडेने आरपार घालायचे, पलीकडून बाई ती ओढून फासळीच्या दुसऱ्या अंगाने परत द्यायच्या, मग गाठ. पट्टीने अंतर मोजायचं, पुन्हा गाठ. एक गाठ बाईंना सैल वाटली. आजोबांनी एक शब्द न बोलता ती कापली. शिवून झाल्यावर कापडावर डोप नावाचं उग्र वासाचं रोगण चढतं आणि ते वाळलं की कापड असं ताणतं की टिचकी मारल्यावर डफ वाजावा. आजोबा आयुष्यभर बस चालवत होते. विमानाशी संबंध आला तो निवृत्तीनंतर. केलेल्या कामावर परवानाधारक इंजिनिअरची सही होते, त्याशिवाय विमान हलत नाही. म्हणजे हौशी माणसं असली तरी कामात हौशीपणा चालत नाही.

आता आपल्या अंगणातली गोष्ट. १९४१मध्ये आपल्या हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला १२ लायसँडर मिळाली, ती 'बॉम्बे वॉर गिफ्ट्स फंडा'तून. मुंबई इलाख्यातली वर्गणी. ती कोणी खुशीने दिली आणि कोणाकडून साहेबाच्या धाकाने गेली, हा हिशेब वेगळा. ती विमानं घेऊन स्क्वाड्रन लीडर करुण कृष्ण ऊर्फ 'जंबो' मजुमदार १९४२च्या सुरुवातीला ब्रह्मदेशात गेले, आणि टेहळणीच्या या संथ विमानांना बॉम्ब लटकवून त्यांनी थेट जपानी विमानतळांवर हल्ले केले. आज एक लायसँडर दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आहे, पण ते त्या बारांतलं नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस आपण कॅनडाला एक लिबरेटर बॉम्बफेकी विमान दिलं, त्याच्या बदल्यात ते आलं.

आपल्या हवाई दलाची जुनी विमानं उडत नाहीत असं नाही. २०१२पासून टायगर मॉथ उडतं आहे, २०१८मध्ये 'परशुराम' नावाचं डकोटा आलं. दोन्हींची डागडुजी ब्रिटनमध्ये झाली. माझी तक्रार एवढीच आहे. वर्गणी काढण्यात आपला हात कोणी धरणार नाही. गणपतीला काढतो, देवळाच्या कळसाला काढतो, १९४१मध्ये विमानालाही काढली. पण दर शनिवारी चार तास जाऊन हात काळे करायचे म्हटलं की सगळ्यांना गुडघेदुखी आठवते. कसब नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. ओझरच्या विमान कारखान्यातून, रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधून, एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून दरवर्षी फिटर, टर्नर, वेल्डर निवृत्त होतात आणि दुसऱ्या दिवसापासून सोसायटीच्या पाण्याच्या पंपावर आपली विद्या चालवतात. त्याच वेळी कितीतरी शहरांत चौथऱ्यावर चढवलेली विमानं ऊन-पावसात रंग उडून उभी असतात. ती उडवा असं मी म्हणत नाही. निदान गंज तरी खरवडा.

तुमच्या घरात असा कोणी निवृत्त कारागीर असेल, किंवा जाड कापडावर सरळ टाका घालणारी मावशी असेल, तर या सदराच्या पत्त्यावर नाव कळवा. विमान कुठलं, परवानगी कोणाची, हे नंतर बघू. आधी दहा नावं जमू द्या.