घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे



गडी घोरायला लागला की आपण म्हणतो, "दमलाय बिचारा, गाढ झोपलाय." आमचे म्हणणे असे की, हा समज आता सोडून द्यावा. सगळेच घोरणे रोग नव्हे. परंतु घोरता घोरता आवाज एकदम बंद पडतो आणि माणूस गुदमरल्यागत दचकून श्वास घेतो, हे लक्षण साधे नाही. डॉक्टर यास स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बुजते, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू जागा होतो. रात्रभर हेच चालते. सकाळी त्याला काहीच आठवत नाही. फक्त डोके जड आणि दिवसभर पेंग. रक्तदाबाचा विकारही याच्या जोडीने पुष्कळदा आढळतो.

याचे पक्के निदान झोपेतच होते. एका रात्रीपुरत्या डोक्याला व हनुवटीला तारा, छाती-पोटाला पट्टे, नाकाशी नळी आणि बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावतात. सुई नाही, दुखणे नाही. श्वास १० सेकंद वा अधिक काळ थांबला अथवा मंदावला की नोंद होते. मोठ्या माणसात तासाला ५ ते १५ नोंदी म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर गंभीर विकार. काहींना घरी लावायचे छोटे यंत्रही पुरते. उपायही आहे. नाकावाटे हवेचा दाब देऊन वाट उघडी ठेवण्याची रीत सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली जगापुढे मांडली. तेच आजचे सीपॅप यंत्र.

हंगामापूर्वी आपण ट्रॉलीचे ब्रेक, टायर, रिफ्लेक्टर पाहतो. मग रात्री उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ड्रायव्हरची झोप कोणी पाहायची? आमची सूचना अशी की, हंगामापूर्वी आरोग्य शिबिर भरवावे आणि त्यात वाहनचालकांना घोरण्याविषयी व दिवसा येणाऱ्या पेंगेविषयी विचारावे. घरच्या माणसालाही विचारावे, कारण घोरणाऱ्यास स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही. संशय वाटेल त्यास तपासणीस पाठवावे व खर्चाचा काही भार कारखान्याने उचलावा. मात्र तपासणीत दोष निघाला म्हणून कोणाची भाकरी जाता कामा नये. उपचार होईतो दिवसपाळीचे दुसरे काम द्यावे. नाहीतर कोण खरे सांगेल?

येत्या सर्वसाधारण सभेत सभासदांनी हा विषय जरूर काढावा.