प्लास्टर सुटले, उपचार संपले नाहीत!

बाळाचे पाऊल जन्मतः आत वळलेले दिसले, की घरात पहिला प्रश्न येतो, 'ग्रहण पाळले नव्हते का?' यात आईचा काहीही दोष नसतो. हा 'क्लबफूट'. साधारण हजारात एका बाळाला होतो आणि वेळीच उपचार केल्यास पाऊल सरळ होते.

कसे? डॉ. इग्नासियो पोन्सेटी यांच्या पद्धतीत दर आठवड्याला पाऊल हळूहळू वळवून प्लास्टर घालतात. पाच-सहा प्लास्टरनंतर बहुतेक बाळांच्या टाचेमागची शीर छोटा छेद देऊन सैल करतात. मोठी शस्त्रक्रिया सहसा टळते.

खरी परीक्षा पुढेच. दांडीला जोडलेले खास बूट पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास आणि नंतर वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत झोपेत घालावे लागतात. पाय सरळ दिसला, बाळ रडले, की बूट माळ्यावर जातात. मग पाऊल पुन्हा वळू लागते.

दोष फक्त पालकांना देऊन चालणार नाही. बाळ वाढते, बूट अपुरे पडतात. नव्यासाठी जिल्ह्याला जायचे तर मजुरी बुडते. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटची तपासणी आहे. तिला पुढच्या चार वर्षांच्या पाठपुराव्याची जोड हवी. बूट तालुक्यातच मिळावेत आणि आशाताईंनी लसीसोबत बुटांचीही चौकशी करावी.